स्पेलिंग बरोबर, शब्द चुकीचा

शाळा सोडल्याच्या दाखल्याला इंग्रजीत 'लीव्हिंग सर्टिफिकेट' म्हणतात. त्यातला पहिला शब्द एल-ई-ए-व्ही-आय-एन-जी असा लिहितात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडमध्येच काय, महाराष्ट्रात सगळीकडे बोलताना त्याचे 'लिव्हिंग' होते, आणि बोलले तसे कागदावर उतरवले की एल-आय-व्ही-आय-एन-जी असा शब्द तयार होतो. या शब्दाचा अर्थ 'जिवंत'. शाळा सोडल्याचा दाखला हवा असणारा विद्यार्थी अशा अर्जात जवळजवळ हयातीचाच दाखला मागतो. तरीही त्या अर्जात स्पेलिंगची चूक दाखवता येत नाही, कारण लिहिलेला शब्द शब्दकोशात आहे.

इंग्रजी लेखनातल्या चुका अशा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात लिहिलेला शब्द भाषेत नसतोच. 'रिसीव्ह' हा शब्द सी नंतर आय आणि मग ई घालून लिहिला, तर असा शब्द कोणत्याही कोशात सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात शब्द खरा असतो, पण हवा होता तो नसतो. पहिली चूक कोश उघडून किंवा मोबाइलवर उमटणाऱ्या तांबड्या रेघेवरून कळते. दुसरी कळण्यासाठी वाक्याचा अर्थच पाहावा लागतो. मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या दोन्ही प्रकारच्या चुका बहुधा निष्काळजीपणातून होत नाहीत. त्यांना ठरावीक कारणे असतात, आणि कारण ओळखले की दुरुस्तीही ठरावीक वाटेने करता येते.

कानाने लिहिणारी लिपी

मराठी मूल बाराखडी शिकते, तेव्हा 'क ला काना का' म्हणताना एका खुणेचा एका आवाजाशी संबंध पक्का होतो. हा संबंध अगदी काटेकोर आहे असे नाही. 'चहा' आणि 'चमचा' यांतले च वेगळे ऐकू येतात, 'जीवन' आणि 'जग' यांतले ज वेगळे ऐकू येतात, पण अक्षर एकच. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हा फरक बोलण्यात पुसट आणि लिहिण्यात ठळक असतो. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि 1972 मध्ये त्यांत चार नियमांची भर घातली. त्यांतला मोठा भाग ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांनीच व्यापलेला आहे. एवढे अपवाद सोडले, तर ऐकलेला मराठी शब्द न पाहता लिहिता येतो.

इंग्रजीत तसे होत नाही. तिथे अक्षरे 26 आणि आवाज चाळीसच्या वर. त्यामुळे एका अक्षराला अनेक आवाज सांभाळावे लागतात आणि एक आवाज अनेक प्रकारे लिहिला जातो. 'श' हा एकच आवाज घेतला, तर 'शिप'मध्ये तो एस-एच ने येतो, 'स्टेशन'मध्ये टी-आय ने, 'स्पेशल'मध्ये सी-आय ने, 'मिशन'मध्ये दोन एस आणि आय ने, 'मशीन'मध्ये सी-एच ने, आणि 'शुगर'मध्ये नुसत्या एस ने.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. दोन्ही काळांत स्पेलिंग शिकण्याची रीत एकच राहिली. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' अशा चालीवर शब्द घोकायचे. या रीतीने अक्षरांचा क्रम लक्षात राहतो. तो क्रम तसा का, हे मात्र कळत नाही. त्यामुळे नवा शब्द आला की मूल पुन्हा कानाकडे वळते.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुलांना कानावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, हे एका अर्थी आधीपासूनच ठाऊक असते. घरात आगरी, कुणबी, ठाकरी, कातकरी, वारली अशा बोली असतात. आगरीत ण चा न आणि ळ चा ल होतो. घरी 'पानी' म्हणणारे मूल वहीत 'पाणी' लिहायला शिकते, म्हणजे बोली एक आणि लेखन दुसरे हा व्यवहार ते पहिलीतच आत्मसात करते. इंग्रजी स्पेलिंगसाठी लागणारी सवय हीच आहे: ऐकलेला शब्द डोळ्यांनी पाहिलेल्या रूपाशी ताडून घेणे.

इंग्रजी असे का लिहितात

इंग्रजी स्पेलिंग विक्षिप्त वाटते, कारण ते जुन्या उच्चारांची नोंद आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि पुढच्या दोन शतकांत शब्दांची रूपे हळूहळू स्थिर होत गेली. नेमक्या याच काळात लांब स्वरांचे उच्चार बदलत होते. भाषाशास्त्रात या बदलाला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' म्हणतात. आज 'नेम' म्हटला जाणारा शब्द त्याआधी 'नाम'च्या जवळचा होता आणि शेवटचा ई हलकेच उच्चारला जाई. 'टाइम'चा उच्चार 'टीम'च्या जवळ होता. उच्चार पुढे गेला, अक्षरे जिथल्या तिथे राहिली. शेवटचा ई मुका झाला, पण आधीचा स्वर लांब आहे हे सांगण्याचे काम त्याच्याकडे आले. 'हॉप' म्हणजे लंगडी घालणे आणि 'होप' म्हणजे आशा, यांत फरक त्या मुक्या ई चाच.

'नाइफ' आणि 'नो' यांतला के, 'राइट'मधला डब्ल्यू हेही पूर्वी उच्चारले जात. 'नाइट' म्हणजे रात्र, त्यातला जी-एच घशातून ख सारखा निघे. ही सगळी अक्षरे पूर्वी बोलकी होती. काही अक्षरे मात्र कधीच बोलली नाहीत. 'डेट' म्हणजे कर्ज, या शब्दातला बी विद्वानांनी लॅटिनमधला 'डेबिटम' आठवून मागाहून घातला. 'रिसीट' म्हणजे पावती, त्यातला पी असाच लॅटिनच्या ओढीने आला. 'आयलंड'मधला एस तर गैरसमजातून घुसला: मूळ इंग्रजी शब्दात तो नव्हता, फ्रेंचमधून आलेल्या 'आइल' या वेगळ्याच शब्दाशी नाते जोडून तो चिकटवला गेला. 1755 मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा कोश आला आणि ही रूपे जवळपास कायम झाली.

अमेरिकेत नोआ वेबस्टरने 1828 च्या कोशात काही रूपे सोपी केली. म्हणून 'कलर'मधला यू तिथे नाही, आणि 'सेंटर'च्या शेवटी तिथे ई-आर असते, ब्रिटनमध्ये आर-ई. महाराष्ट्रातली पाठ्यपुस्तके ब्रिटिश रूपे वापरतात. मोबाइल किंवा संगणक अमेरिकन इंग्रजीवर लावलेला असेल, तर तो पुस्तकातल्या बरोबर शब्दाखालीही तांबडी रेघ ओढतो. दोन्ही रूपे बरोबर आहेत. एकाच लेखनात दोन्हींची सरमिसळ करू नये, एवढेच पथ्य.

मराठी कानाला न दिसणारे फरक

सगळ्यांत जास्त चुका स्वरांत होतात. मराठीत ए एकच आहे. इंग्रजीत त्याच्या जवळचे दोन आवाज आहेत, एक आखूड आणि एक लांब. मराठी बोलण्यात ते दोन्ही ए मध्ये मिसळतात. परीक्षा ती 'टेस्ट' आणि चव तीही 'टेस्ट'. पेन आणि वेदना, ओले आणि थांबणे, मिळवणे आणि फाटक, पश्चिम आणि कचरा या अर्थांच्या इंग्रजी जोड्या मराठी तोंडात एकसारख्या होतात.

याच गोंधळाचे ठळक उदाहरण जमिनीच्या पाट्यांवर दिसते. मुंबई-नाशिक महामार्ग आणि नंतर समृद्धी महामार्ग यांमुळे शहापूर तालुक्यात प्लॉटचे व्यवहार वाढले, आणि 'प्लॉट फॉर सेल' हे शब्द रस्तोरस्ती आले. त्यातला 'सेल' एस-ए-एल-ई असा हवा, कारण तो विक्री या अर्थाचे नाम आहे. एस-ई-एल-एल म्हणजे विकणे, ते क्रियापद. मराठीत दोन्ही 'सेल', त्यामुळे पाटीवर दुसरा शब्द येतो. इथे व्याकरण उपयोगी पडते: 'फॉर'नंतर नाम हवे, म्हणून एस-ए-एल-ई. 'आय वॉन्ट टू' यानंतर क्रियापद हवे, तिथे एस-ई-एल-एल.

इ-ई चे तसेच. मराठीत स्वराची लांबी बरीचशी शब्दातल्या जागेवर ठरते, त्यामुळे लांबीवरून अर्थ बदलतो असे कानाला सहसा वाटत नाही. इंग्रजीत तो बदलतो. 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे सोडणे किंवा रजा, 'फिल' म्हणजे भरणे आणि 'फील' म्हणजे वाटणे, 'स्लिप' म्हणजे घसरणे आणि 'स्लीप' म्हणजे झोप. लांब आवाज असला की बहुधा दोन स्वराक्षरे एकत्र येतात, ई-ई किंवा ई-ए. आखूड आवाजाला एकटा आय पुरतो. एवढी खूणगाठ बांधली तरी अशा बऱ्याच चुका टळतात.

ॲ आणि ऑ हे आवाज मराठीने इंग्रजी शब्दांसाठीच घेतले. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयाने त्यांना वर्णमालेत जागा मिळाली. बोलण्यात मात्र 'बॅग'ची 'बेग' आणि 'हॉल'चा 'हाल' अजूनही होतो. 'बॅड' म्हणजे वाईट यात ए, 'बेड' म्हणजे खाट यात ई. ॲ ऐकू आला की जवळजवळ नेहमी ए लिहायचा.

व्यंजनांत व ची अडचण मोठी. इंग्रजीत व्ही म्हणताना खालच्या ओठाला वरचे दात लागतात आणि डब्ल्यू म्हणताना दोन्ही ओठ गोल होतात. मराठीला एकच व पुरतो. म्हणून 'व्हेरी' म्हणजे फार आणि 'वरी' म्हणजे काळजी, 'व्हर्स' म्हणजे कविता आणि 'वर्स' म्हणजे अधिक वाईट, हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. ओठ आरशात पाहून दोन आवाज वेगळे केले की अक्षर आपोआप वेगळे होते.

काही चुका शब्द मराठीत मुरल्यामुळे होतात. 'पंक्चर' रोजच्या बोलण्यात 'पंचर' झाला आणि टायरवाल्याच्या पाटीवर पी-यू-एन-सी-एच-ई-आर असा उतरला. इंग्रजीत त्याचा अर्थ ठोसा मारणारा किंवा भोक पाडणारा. 'चिल्ड बिअर' म्हणजे थंडगार बिअर, तिचे स्पेलिंग सी-एच-आय-एल-डी एवढ्यावर आटोपले की ती 'लहान मुलाची बिअर' होते. दोन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याने कानाशी इमान राखले आहे.

जोडाक्षरासारखी दिसणारी दुहेरी अक्षरे

मराठीत 'पत्ता' आणि 'पता' यांतला फरक कानाला स्पष्ट ऐकू येतो. इंग्रजीत दुहेरी अक्षर सहसा दुहेरी उच्चारले जात नाही, त्यामुळे ऐकून ते कळायचा मार्ग नाही. शब्द कसा बनला हे पाहिले, तर कळते.

आधी उपसर्ग. मूळ शब्द जसाच्या तसा ठेवून त्याच्यापुढे उपसर्ग लावायचा. 'डिस' अधिक 'ॲपिअर' केले की एक एस आणि दोन पी. 'मिस' अधिक 'स्पेल' केले की दोन एस. 'री' अधिक 'कमेंड' केले की एक सी आणि दोन एम. प्रत्ययांत 'फुल'ला शेवटी एकच एल असतो, आणि त्याला 'ली' जोडले की दोन होतात: 'केअरफुल' एका एल ने, 'केअरफुली' दोन एल ने.

पुढे आय-एन-जी आणि ई-डी लावतानाचा नियम. शब्द एका अवयवाचा असेल आणि शेवटी एक स्वर व एक व्यंजन असेल, तर ते व्यंजन दुप्पट होते: 'रन'चे 'रनिंग' दोन एन ने. 'रीड'मध्ये स्वर दोन आहेत, म्हणून 'रीडिंग'मध्ये डी एकच. शब्द मोठा असेल तर जोर कुठे पडतो ते पाहायचे. 'बिगिन'मध्ये जोर शेवटी आहे, म्हणून 'बिगिनिंग'मध्ये दोन एन. 'व्हिजिट'मध्ये जोर सुरुवातीला, म्हणून 'व्हिजिटेड'मध्ये टी एकच. 'ट्रॅव्हलिंग'मध्ये ब्रिटिश पद्धत या नियमाला अपवाद करून दोन एल घेते.

शेवटी मुका ई असेल तर तो पुसून आय-एन-जी लावतात आणि व्यंजन दुप्पट करत नाहीत. 'राइट'चे 'रायटिंग' एका टी ने. 'डाइन' म्हणजे जेवणे, त्याचे 'डायनिंग' एका एन ने. ढाब्यावर 'डायनिंग हॉल' दोन एन ने लिहिला की तो 'डिनिंग' वाचला जातो, आणि 'डिन' म्हणजे गोंगाट. पाटी जेवणाच्या हॉलऐवजी गोंगाटाचा हॉल दाखवते.

नियमात न बसणारे थोडे शब्द पाठ करावेच लागतात. 'ॲड्रेस'मध्ये दोन डी, दोन एस. 'कमिटी'मध्ये दोन एम, दोन टी, दोन ई. 'ॲकोमोडेशन'मध्ये दोन सी, दोन एम. 'नेसेसरी'मध्ये एक सी, दोन एस. 'टुमॉरो'मध्ये एक एम, दोन आर. आय-ई आणि ई-आय या जोडीसाठी शाळेत सांगतात की आधी आय, मग ई, पण सी नंतर उलट. 'बिलीव्ह' पहिल्या रीतीचा, 'रिसीव्ह' आणि 'सीलिंग' दुसऱ्या रीतीचे. हा नियम लांब ई च्या आवाजापुरता बऱ्यापैकी चालतो. 'हाइट' आणि 'नेबर' यांचा आवाज वेगळा, म्हणून ते त्यात बसत नाहीत. 'सीझ' म्हणजे जप्त करणे आणि 'विअर्ड' म्हणजे विचित्र हे मात्र उघड अपवाद आहेत.

दोन शब्दांतून एक निवडताना

सारख्या आवाजाच्या किंवा जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या शब्दांत निवड करण्याचे तीन मार्ग आहेत: शब्दातच लपलेली खूण, व्याकरण आणि व्युत्पत्ती.

तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीभोवती झेरॉक्स आणि स्टेशनरीची दुकाने असतात. 'स्टेशनरी' म्हणजे वह्या-पेने, या शब्दाचा शेवट ई-आर-वाय. ए-आर-वाय असा शेवट केला तर अर्थ होतो जागेवर उभे असलेले. पाकिटाला इंग्रजीत 'एन्व्हलप' म्हणतात, ते ई ने सुरू होते. पाकीट जिथे मिळते तिथे ई, ही खूण विसरत नाही. 'देअर' या उच्चाराच्या दोन शब्दांपैकी 'तिथे' या अर्थाच्या शब्दात 'इथे' या अर्थाचा 'हिअर' लपलेला आहे, आणि 'त्यांचा' या अर्थाच्या शब्दात 'वारस' या अर्थाचा 'एअर'. ऐकण्याच्या 'हिअर'मध्ये कान म्हणजे 'इअर' आहे.

व्याकरणाची खूण 'ॲडव्हाइस'मध्ये दिसते. सल्ला हे नाम सी ने, सल्ला देणे हे क्रियापद एस ने. उच्चारातही स आणि झ असा फरक आहे, म्हणून ही जोडी ऐकून ओळखता येते. 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांचा उच्चार बदलत नाही, पण ब्रिटिश लेखनात नियम तोच: नामाला सी, क्रियापदाला एस. दुकानातला परवाना सी ने लिहायचा, परवाना देणे एस ने. 'लूज' म्हणजे सैल यात दोन ओ, आणि 'लूझ' म्हणजे हरवणे यात एक. पहिल्यात ओ जास्त आहे, जागा सैल आहे.

व्युत्पत्ती 'कास्ट' या शब्दात कामाची. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवेश या सगळ्यांसाठी जातीचा दाखला लागतो. इंग्रजीत जात म्हणजे 'कास्ट' सी-ए-एस-टी-ई. शेवटचा ई गळला की उरतो तो दुसरा 'कास्ट': फेकणे, साच्यात ओतणे, नाटकातली पात्रे. जातीचा शब्द पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला. मूळ शब्दाला शेवटी स्वर होता, तोच इंग्रजीत ई होऊन राहिला.

अक्षरांची अदलाबदल हा आणखी एक गट. दुधाची 'डेअरी' डी-ए-आय-आर-वाय, रोजनिशी 'डायरी' डी-आय-ए-आर-वाय. 'क्वाएट' म्हणजे शांत, 'क्वाइट' म्हणजे बऱ्यापैकी, त्यांत शेवटच्या ई-टी आणि टी-ई यांचाच फेर. अर्जाचा 'फॉर्म' आणि 'पासून' या अर्थाचा 'फ्रॉम' हे तर घाईत सर्रास बदलतात. इथे उच्चार हळू केला की अक्षरांचा क्रम सापडतो, कारण या जोड्या ऐकायला वेगळ्या आहेत. चूक कानाची नसून बोटांची असते.

गावांची नावे

नावांना शब्दकोश नसतो, म्हणून तिथे 'बरोबर स्पेलिंग' ठरवण्याचा प्रश्न वेगळा आहे. 1853 मध्ये आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि 1855 मध्ये वासिंदपर्यंत पोहोचली. तेव्हाचे इंग्रज नावे ऐकून लिहीत. ठाण्याची टी-ए-एन-एन-ए-एच अशी रूपेही त्या काळात चालत. पुढे विल्यम विल्सन हंटरच्या पद्धतीने नावे लिहिण्याची शिस्त आली. 1882 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्याचे नाव टी-एच-ए-एन-ए असे आहे आणि आ दाखवण्यासाठी ए वर तिरकी रेघ दिली आहे. रोजच्या छपाईत ही रेघ गळून गेली. तेव्हापासून अ आणि आ यांचे इंग्रजी रूप एकच झाले; ट आणि त, ड आणि द, न आणि ण, ल आणि ळ यांचेही ते एकच असते.

परिणाम असा, की इंग्रजीवरून नाव परत मराठीत आणता येत नाही. 'माळशेज' इंग्रजीतून परतताना 'मालशेज' होतो, 'टिटवाळा'चा 'टिटवाला' होतो. 'आसनगाव' न ओळखणारा प्रवासी 'असंगाव' वाचू शकतो. 'वासिंद' आणि 'टोकावडे' व्ही नेही लिहिलेले आढळतात आणि डब्ल्यू नेही. आजच्या 'ठाणे'च्या शेवटी ई आहे, तो मराठी ए दाखवतो. इंग्रजी वाचणारा मात्र त्याला मुका ई समजून 'थेन' म्हणतो. 'थेन' हा इंग्रजीत खरा शब्द आहे, जुन्या स्कॉटलंडमधल्या सरदाराची ती पदवी. त्यामुळे संगणकाला या नावात काही वावगे दिसत नाही, कारण त्याला ठाणे नव्हे, सरदार दिसतो.

माणसांच्या नावांत हा प्रश्न अधिक जाचक ठरतो. 'वेखंडे' व्ही ने की डब्ल्यू ने, 'पवार'मध्ये व्ही की डब्ल्यू, यांत भाषेच्या दृष्टीने दोन्ही चालतात. दाखला, आधार आणि बँकेचे पुस्तक यांत मात्र एकच रूप हवे. इथे बरोबर स्पेलिंग म्हणजे पहिल्या अधिकृत कागदावरचे स्पेलिंग. ते कसे वाटते यापेक्षा कसे नोंदले आहे याला महत्त्व.

यंत्र काय दुरुस्त करते

1964 मध्ये फ्रेडरिक डॅमराऊ या संशोधकाने दाखवले, की स्पेलिंगच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका चारांपैकी एकाच प्रकारच्या असतात: एक अक्षर गळणे, एक वाढणे, एक बदलणे, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. पुढच्याच वर्षी रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइनने दोन शब्दांतले अंतर अक्षर गळणे, वाढणे आणि बदलणे अशा बदलांच्या संख्येत मोजण्याची रीत मांडली. शहापूरच्या स्पेलिंगमधला मधला ए गळला, तर अंतर एक. संगणक न ओळखलेल्या शब्दापासून एक किंवा दोन अंतरावरचे कोशातले शब्द शोधतो आणि त्यांतला जास्त वापरातला पुढे करतो.

आवाजावरून शोधण्याची रीत त्याहून जुनी आहे. 'साउंडेक्स' या पद्धतीला अमेरिकेत 1918 मध्ये पेटंट मिळाले. तिच्यात पहिले अक्षर तसेच ठेवतात, स्वर आणि एच गाळतात आणि सारख्या व्यंजनांना एकच आकडा देतात. व्ही ने लिहिलेल्या वासिंदचा संकेत व्ही-253 येतो. एस च्या जागी एस-एच लिहिले तरी तोच राहतो. डब्ल्यू ने लिहिले की संकेत डब्ल्यू-253 होतो आणि गाव सापडत नाही. ही रीत अमेरिकन आडनावांसाठी बनली. व्ही आणि डब्ल्यू एकाच व ची रूपे असू शकतात, हे तिच्या गावी नाही.

आजची यंत्रे शेजारचे शब्दही पाहतात. 'फॉर' आणि 'सेल' एकत्र किती वेळा कोणत्या रूपात येतात, यावरून ती एस-ई-एल-एल ला अडवू शकतात. पण 'लिव्हिंग' आणि 'लीव्हिंग' दोन्ही शोभतील असे वाक्य आले, तर लिहिणाऱ्याच्या मनात काय होते ते यंत्राला कळत नाही. त्याने सुचवलेला शब्द स्वीकारण्याआधी त्याचा अर्थ पाहावा लागतो, आणि गावाचे किंवा माणसाचे नाव बदलले नाही ना, हे वेगळे तपासावे लागते.

तपासण्याचा क्रम

लिहून झालेला मजकूर तपासताना एकाच वाचनात सगळे शोधू नये. पहिल्या वाचनात फक्त शब्दांची रूपे पाहावीत, तीही शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. उलटे वाचताना अर्थ मध्ये येत नाही आणि डोळा अक्षरांवर थांबतो. दुसऱ्या वाचनात सरळ क्रमाने अर्थ पाहावा आणि जोडीतल्या प्रत्येक शब्दाशी, म्हणजे सेल, लीव्ह, फॉर्म, देअर अशांपाशी थांबून 'इथे नाम हवे की क्रियापद, कोणत्या अर्थाने' हे विचारावे. तिसऱ्या वाचनात नावे आणि आकडे मूळ कागदाशी ताडावेत. वहीच्या मागच्या पानावर आपल्याच चुकांची यादी ठेवली, आणि ती 'स्वर', 'व', 'दुहेरी अक्षर', 'अदलाबदल' अशा कारणांखाली मांडली, तर थोड्याच दिवसांत आपण कोणत्या एक-दोन ठिकाणी अडखळतो हे दिसते. शिक्षकानेही वहीतली चूक नुसती खोडण्यापेक्षा तिच्याशेजारी कारण लिहिले, तर एका दुरुस्तीत त्या गटातले पाच-दहा शब्द सुधारतात.

नुसत्या शब्दावर विसंबू नये, शेजारी त्याची ओळख पटवणारे आणखी काही असावे, हे टपाल खात्याने फार पूर्वी ओळखले. शहापूर नावाची गावे अनेक आहेत: बेळगावात आहे, कर्नाटकातल्याच यादगीर जिल्ह्यात आहे. सारखी नावे, वेगवेगळ्या लिप्या आणि चुकीची स्पेलिंगे यांतून पत्र वाट काढू शकावे म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी-अधिकाऱ्याच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. शहापूरचा पिन 421601 आणि मुरबाडचा 421401. स्पेलिंग चुकले तरी आकडा पत्र पोहोचवतो. पण सहाच्या जागी चार पडला, तर शहापूरचे पत्र मुरबाडला जाईल, आणि 421401 हा आकडाही तितकाच खरा असल्यामुळे कोणतीही तांबडी रेघ उमटणार नाही. ती चूक पकडते ती शेजारी लिहिलेल्या गावाच्या नावामुळेच. म्हणून पत्त्यावर नाव आणि आकडा दोन्ही लिहितात.